कीटकनाशकांचे संपुटन : कपाशीपासून केळीपर्यंत

तापीकाठच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात कपाशी व केळी ही दोन्ही पिके घेतली जातात. कपाशीवर फवारलेले सर्वच औषध किडीपर्यंत पोहोचते असे नाही. काही अंश उन्हाने विघटन पावतो, काही वाफ होऊन उडून जातो, काही पहिल्याच सरीबरोबर मातीत उतरतो आणि काही फवारणी करणाऱ्याच्या श्वासावाटे व त्वचेवाटे त्याच्या शरीरात शिरतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर यांचे बळी गेले. तेव्हा हा प्रश्न केवळ वाया जाणाऱ्या पैशाचा नाही.

याचे एक कारण औषधाच्या घडणीत आहे. पुष्कळशी कीटकनाशके पाण्यात विरघळत नाहीत. म्हणून ती तेलकट द्रावकात विरघळवून त्यांत पायसकारक मिसळतात. डब्यावर ‘ई.सी.’ अशी अक्षरे असलेले व पाण्यात ओतताच दुधासारखे पांढरे होणारे औषध ते हेच. हा द्रावक औषध पानात मुरण्यास मदत करतो. परंतु माणसाच्या कातडीतूनही तो ते तितक्याच सहजतेने आत नेऊ शकतो.

संपुटन म्हणजे औषधाला कवच घालणे. त्याचा एक प्रकार बाजारात आलेला आहे. औषधाचे बारीक थेंब पाण्यात विखरून, तेलातील एक घटक व पाण्यातील दुसरा यांचा थेंबाच्या पृष्ठभागावर संयोग घडवितात. दुधावर साय धरावी तसे प्रत्येक थेंबावर प्लॅस्टिकसारखे पातळ आवरण धरते. असा कण काही मायक्रॉनांचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या काही पट असतो. आवरण पातळ ठेवल्यास औषध लवकर बाहेर पडते, जाड ठेवल्यास सावकाश. लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन ४.९ टक्के आणि पेंडिमेथालिन ३८.७ टक्के ही ‘सी.एस.’ अक्षरांची औषधे या प्रकारातील होत. पहिले कीटकनाशक, दुसरे तणनाशक.

मात्र कवच हे सर्वांनाच अभय देते असे नाही. अमेरिकेत १९७४ साली मिथिल पॅराथिऑन या जहाल औषधाचे सूक्ष्म संपुट विक्रीस आले. हाताळणाऱ्यास ते पूर्वीपेक्षा कमी घातक होते. पण त्याचे कण परागकणांएवढे होते. मधमाश्यांनी ते परागांबरोबर गोळा करून पोळ्यात साठविले आणि घरातील माश्या व पिल्ले मरू लागली. उघडे औषध शेतातच उडून गेले असते. कवचातले मात्र पोळ्यात टिकून राहिले.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. त्यात एकेका रेणूलाच दुसऱ्या रेणूच्या पोकळीत बसवितात. ही पोकळी असते सायक्लोडेक्स्ट्रिनची. फ्रान्समधील व्हिलिए यांनी १८९१ साली ते प्रथम वेगळे केले. जिवाणूंच्या विकराने स्टार्चपासून ते तयार होते. ग्लुकोजचे सहा, सात किंवा आठ घटक कड्यासारखे जोडले जाऊन बूड नसलेल्या फुलपात्रासारखा आकार बनतो. त्याच्या बाहेरील बाजूस पाण्याशी सख्य, तर आतील बाजूस तेलकट पदार्थांशी. त्यामुळे तेलकट औषधाचा रेणू आत जाऊन बसतो, पाण्यात अधिक विरघळतो, वाफ होऊन उडणे कमी होते आणि पुष्कळदा प्रकाशापासूनही तो वाचतो. अडचण वजनाची आहे. सात घटकांच्या सायक्लोडेक्स्ट्रिनचा रेणुभार सुमारे ११३५, तर अनेक कीटकनाशकांचा २०० ते ५००. म्हणजे एक ग्रॅम औषधास सुमारे सव्वादोन ते पावणेसहा ग्रॅम कवच हवे. शेतावरील फवारणीस हा खर्च सहसा परवडत नाही.

जेथे औषध अत्यल्प लागते तेथे मात्र ही युक्ती फळास आली, आणि ते उदाहरण नेमके केळीशी संबंधित आहे. पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते. त्यामुळे मालमोटारीत एक घड पिकू लागला की शेजारचेही पिकू लागतात. बुऱ्हाणपूरची कच्ची केळी उत्तरेकडे दूरवर जातात, तेथे हे नुकसान जाणवते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात सिस्लर व ब्लँकनशिप यांनी १-मिथिलसायक्लोप्रोपीन हा वायू इथिलीनची जागा आधीच अडवून पिकणे लांबवितो असे दाखविले. त्याचे पेटंट १९९६ चे आहे. पण हा वायू अस्थिर, साठविणे अवघड. सहा घटकांच्या सायक्लोडेक्स्ट्रिनमध्ये कोंडल्यावर त्याची साधी भुकटी झाली. बंद खोलीत ती पाण्यात टाकली की वायू मोकळा होतो. केळीच्या बाबतीत वेळ साधणे महत्त्वाचे आहे. फारच हिरव्या घडांना तो दिल्यास पुढे ते एकसारखे पिकत नाहीत आणि साल हवी तशी पिवळी होत नाही.

संपुटित औषध वापरताना काही गोष्टी पाळाव्यात. कण तळाशी बसत असल्याने डबा नीट हलवूनच औषध ओतावे. फवारणीनंतर पंप, नळी व गाळणी धुवावी, कारण उरलेले कण पुढील पिकास बाधू शकतात; तणनाशकाच्या बाबतीत तर विशेषच. फुलोऱ्यातील कपाशीवर माश्या फिरत असताना फवारू नये. हातमोजे व मुखपट्टी ‘सी.एस.’ औषधासही लागतातच. लेबलावरील त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. शेवटची फवारणी व वेचणी यांमधील दिवस त्या डब्यावर दिले असतील तेच धरावेत. त्याच औषधाच्या ‘ई.सी.’ डब्यावरचे दिवस येथे लागू पडतीलच असे नाही.