देवदूतांशी नाते सांगणारी मुलींची नावे

बाळाच्या स्नानसंस्काराची नोंद करण्यासाठी पालक धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, तेव्हा अर्जातील बहुतेक रकाने चटकन भरून होतात. लेखणी अडखळते ती बाळाच्या नावापाशी. अलीकडे मुलींसाठी ‘एंजल’ हे नाव वारंवार सुचवले जाते. अशाच एका प्रसंगी बाळाच्या आजीने मला विचारले, “फादर, एंजल नावाची कुणी संत आहे का? नसेल तर नातीने सण कुणाचा पाळायचा?” बाळाच्या आईचे कारण निराळे होते. ती म्हणाली, “फादर, तिचा चेहरा किती निरागस आहे पाहा, म्हणून हे नाव.” आजीला स्वर्गातील आधार हवा होता, आईला रूपाचे कौतुक. नावाचा मूळ अर्थ मात्र दोघींच्याही बोलण्यात आला नव्हता. तो समजून घ्यावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

नाव रूपाचे नव्हे, कार्याचे

ग्रीक भाषेत ‘आंगेलोस’ म्हणजे निरोप्या, दूत. हिब्रू भाषेतील ‘मलआख’ या शब्दाचाही अर्थ तोच. मलाखी संदेष्ट्याच्या नावात तो आपल्याला भेटतो. ग्रीक शब्दावरून लॅटिनमध्ये ‘आंजेलुस’ आला आणि त्याचे स्त्रीलिंगी रूप झाले ‘आंजेला’. आंजेलिना व आंजेलीन ही त्याचीच लाडकी रूपे, तर ‘आंजेलिका’ म्हणजे देवदूतासारखी. पोर्तुगीज भाषेत देवदूताला ‘आंजु’ म्हणतात. त्यावरूनच कोकणीत ‘आंज’ हा शब्द रूढ झाला. दुपारी व तिन्हीसांजेला चर्चची घंटा वाजली की आपण जी आंजेलुस प्रार्थना म्हणतो, तिचे नावही तिच्या लॅटिन पाठातील पहिल्या शब्दावरून पडले आहे.

संत ऑगस्टीन यांनी या शब्दाचा मोठा मार्मिक उलगडा केला आहे. देवदूत हे त्यांच्या कार्याचे नाव आहे, स्वरूपाचे नव्हे. स्वरूपाने ते आत्मे आहेत, असे ते शिकवतात. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीतही हा विचार समाविष्ट आहे. तेव्हा मुलीला आंजेला म्हणणे म्हणजे ‘तू गोंडस आहेस’ असे म्हणणे नव्हे. ‘देवाने तुझ्याजवळ काही निरोप दिला आहे, तो पोहोचव’ असे तिला सांगणे होय.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. आंजेला नावाच्या संत आहेत आणि त्यांनी हा निरोप पोहोचवला आहे. इटलीतील संत आंजेला मेरिची यांनी १५३५ साली ब्रेशिया नगरात संत उर्सुला यांच्या नावाने स्त्रियांचा संघ स्थापन केला. त्या काळी समर्पित स्त्रीने मठाच्या भिंतीआड राहावे, अशी रीत होती. आंजेला यांच्या सहकारी मात्र आपापल्या घरी राहून प्रभूची सेवा करीत. पुढे याच परंपरेतील उर्सुलाईन भगिनी मुलींच्या शिक्षणासाठी जगभर ओळखल्या गेल्या. संत आंजेला यांचा सण २७ जानेवारीला येतो. त्यांच्याही आधीच्या, फोलिन्यो येथील गूढानुभवी आंजेला १३०९ साली निवर्तल्या. त्यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली संत म्हणून मान्यता दिली.

तीन महादूत आणि त्यांच्या नावाच्या स्त्रिया

पवित्र शास्त्रात तीनच देवदूतांची नावे येतात: मिखाएल, गब्रिएल आणि राफाएल. तिन्ही नावांच्या शेवटी असलेला ‘एल’ म्हणजे देव. या तिघांचा सण २९ सप्टेंबरला एकत्र साजरा होतो.

मिखाएल, म्हणजे आपण ज्याला मायकल म्हणतो तो. त्याच्या नावाचा अर्थ एक प्रश्न आहे: देवासारखा कोण आहे? माणिकपूर आणि माहीम येथील चर्चमुळे हा महादूत आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. मिकाएला, मिशेल ही त्याच्या नावाची स्त्रीलिंगी रूपे. स्पेनमधील संत मारिया मिकाएला या उमराव घराण्यातील. वेश्याव्यवसायात अडकलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी माद्रिदमध्ये निवारा उघडला. १८६५ साली वालेन्सिया येथे कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा त्या आपल्या भगिनींच्या शुश्रूषेसाठी धावून गेल्या आणि त्याच रोगाने मरण पावल्या. देवापुढे कुणीही थोर नाही आणि कुणीही टाकाऊ नाही, हे त्यांनी आपल्या जगण्यातून सांगितले.

गब्रिएल म्हणजे देव माझे सामर्थ्य. पवित्र मरियेला निरोप देणारा हाच दूत. गब्रिएला हे नाव धारण करणाऱ्या धन्यवादित मारिया गब्रिएला सागेद्दू या सार्डिनियातील एका साध्या कुटुंबातल्या. मठात आल्यावर त्यांना हे नाव मिळाले. विभागलेल्या ख्रिस्ती बांधवांच्या ऐक्यासाठी त्यांनी १९३८ साली आपले जीवन देवाला अर्पण केले. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयरोगाने त्यांचे निधन झाले. शरीर खचत असताना सामर्थ्य कुणाचे, हे त्यांच्या नावातच लिहिलेले होते.

राफाएल म्हणजे देव बरे करतो. त्याची कथा तोबिताच्या पुस्तकात आहे. प्रोटेस्टंट परंपरेच्या बायबलमध्ये हे पुस्तक नसल्याने अनेकांच्या ती वाचनात आलेली नसते. संत राफाएला मारिया पोरास यांनी १८७७ साली आपल्या बहिणीसह पवित्र हृदयाच्या दासींचा संघ स्थापन केला. पुढे मतभेद झाले आणि १८९३ साली त्यांना प्रमुखपद सोडावे लागले. त्यानंतरची सुमारे बत्तीस वर्षे त्यांनी रोममध्ये अज्ञातवासात, घरातील हलकी कामे करीत काढली. मनात कटुता मात्र धरली नाही. जखमेवर राग हे औषध नव्हे, हे त्यांच्याकडून शिकावे.

यांच्या जोडीला आणखी एक नाव येते, सेराफिना. यशया संदेष्ट्याला दर्शनात सहा पंखांचे सेराफीम दिसले. हिब्रूत या शब्दाचा संबंध जळण्याशी, प्रज्वलित होण्याशी आहे. ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हा त्यांचा घोष आपण प्रत्येक मिस्साबलिदानात म्हणतो. इटलीतील सान जिमिन्यानो गावची संत सेराफिना, म्हणजेच फिना, ही मुलगी दीर्घ आजारात लाकडी फळीवर पडून असे. १२५३ साली अवघ्या पंधराव्या वर्षी ती प्रभुवासी झाली.

निवड करताना

काही पालक देवदूतांच्या नावांच्या याद्या काढून आणतात. त्यात युरिएल, एरियल अशी अनेक नावे असतात. यशयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात एरियल हे यरुशलेम नगराचे नाव आहे, देवदूताचे नव्हे. युरिएल नावाचा देवदूत पवित्र शास्त्रात नाही. ७४५ साली रोम येथे भरलेल्या धर्मसभेने अशा अज्ञात देवदूतांचा धावा करण्यास मनाई केली होती. लोकभक्तीविषयी व्हॅटिकनने २००१ साली काढलेल्या मार्गदर्शिकेतही तिघांखेरीज अन्य देवदूतांना नावे देण्यापासून परावृत्त केले आहे. हा दंडक देवदूतांच्या भक्तीविषयी आहे, बाळांच्या नावांविषयी नाही. तरीही ‘हे एका देवदूताचे नाव’ म्हणून ते निवडण्यापूर्वी हे ठाऊक असावे.

मग नियम काय सांगतो? १९१७ सालच्या धर्मविधिसंहितेनुसार पालकांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर धर्मगुरूने एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवावीत, असे होते. १९८३ सालची संहिता एवढेच सांगते की, ख्रिस्ती भावनेला परके असलेले नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्ममातापिता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी. म्हणून आपल्या मातीतील नावालाही जागा आहे. इव्हँजेलिन या नावातही ‘आंगेलोस’चेच मूळ आहे आणि त्याचा अर्थ शुभवर्तमान. हाच अर्थ ‘सुवार्ता’ या शब्दात आपल्या मराठीत किती सहजपणे उतरला आहे!

त्या दिवशी आजींना मी संत आंजेला मेरिची यांच्याविषयी सांगितले आणि आईला ‘दूत’ या शब्दाचा अर्थ. थोडा वेळ विचार करून आई म्हणाली, “म्हणजे फादर, हिने काहीतरी करायचे आहे तर!” नोंदवहीत नाव लिहिले गेले, आंजेला. घरात ते एंजलच म्हणतील, आणि त्यात काहीच गैर नाही. फक्त ती कळत्या वयाची होईल आणि ‘माझे नाव असे का?’ असे विचारील, तेव्हा तिला खरा अर्थ सांगायला घरातील कुणीतरी विसरू नये.