आठाला त्रेचाळीस

जुन्या महिंद्रा जीपच्या किंवा जीपच्या सांगाड्यावर बांधलेल्या पिकअपच्या मागच्या हाउसिंगचं झाकण उघडलं, की तेलात बुडालेलं एक मोठं दातेरी चाक दिसतं आणि त्याला काटकोनात भिडलेला एक आखूड दातेरी दांडा. चाक म्हणजे क्राउन, दांडा म्हणजे पिनियन. क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८ असले, तर प्रोपेलर शाफ्टचे ५.३८ फेरे झाल्यावर मागची चाकं एकदा फिरतात; हाच गाडीचा रेशो. ३९ आणि ८ असतील तर ४.८८. ४७ आणि ११ असतील तर ४.२७. इंजिनाचं काम किंवा रंगकाम यांवर लोक हौसेने खर्च करतात. पण भरलेली गाडी ओढणार की अडणार, क्लच प्लेट किती दिवस टिकणार आणि साठच्या वेगाला इंजिन किती ओरडणार, याचा मोठा भाग या दोन आकड्यांनी आधीच ठरवलेला असतो. ते आकडे गाडी जिथे राबते त्या वाटेवरून ठरावेत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून हा लेख पिंगळीच्या वाटेवरून लिहितो आहे.

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा या दोन जंक्शनांच्या मधलं स्टेशन. आजूबाजूला सपाट काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. माल परभणीच्या मोंढ्यावर जातो. परभणीतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ पश्चिमेला अहिल्यानगरमार्गे माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातो आणि पूर्वेला नांदेड ओलांडून तेलंगणातल्या निर्मलला पोहोचतो. म्हणजे एकाच रस्त्यावर एका टोकाला सह्याद्रीचा घाट आणि इकडे गोदावरी खोऱ्याचा सपाट पट्टा. पिंगळीच्या पिकअपला घाट क्वचितच लागतो. तिचा खरा घाट म्हणजे पावसाळ्यातली शेतवाट.

अशा गाड्या आपल्याकडे कशा आल्या, ते थोडक्यात सांगतो. विलीज जीपची भारतातली पहिली जुळणी ३ जून १९४९ रोजी मुंबईच्या माझगावच्या कारखान्यात झाली. १९५४ पासून महिंद्रांनी सीजे-थ्रीबी टप्प्याटप्प्याने इथेच बनवायला घेतली. १९६५ मध्ये एफसी-१५० हा पेट्रोलवरचा छोटा ट्रक आला. १९७५ च्या सुमारास एमडी-२३५० हे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसू लागलं. १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार झाला, आणि त्यातून आलेलं २,११२ सीसीचं एक्सडीपी इंजिन पुढे एमएम-५४० मध्ये वर्षानुवर्षं चाललं. मराठवाड्यात काळी-पिवळी म्हणून धावलेल्या कमांडरही याच कुळातल्या. मागचा अॅक्सल बहुतेक ठिकाणी अमेरिकी स्पायसर-डाना घडणीचा, ज्याला जाणकार 'डाना ४४' म्हणतात. त्याच्या क्राउनचा व्यास साधारण साडेआठ इंच. हा अॅक्सल दणकट आहे आणि झाकण मागच्या बाजूला असल्यामुळे गाडीवरच उघडून पाहता येतो. युद्धकाळातल्या विलीज एमबीला ४.८८ होतं, शेतकऱ्यासाठी काढलेल्या नागरी सीजेला विलीजनेच ५.३८ दिलं. शेतात नांगर-वखर ओढायचं काम डोळ्यांसमोर ठेवून केलेली ती निवड होती.

जुन्या पिकअपच्या रेशोचा विचार अमेरिकेत नेमका उलट्या दिशेने चालतो. तिथल्या १९६०-७० च्या शेव्हर्लेट पिकअपमध्ये ४.११ किंवा ३.७३ रेशो असायचा आणि ओव्हरड्राइव्ह नसायचा. आज तीच गाडी हौशी माणूस महामार्गावर ताशी ११० च्या वेगाने नेतो. इंजिन शांत राहावं म्हणून तो ४.११ काढून ३.०७ घालतो. त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. त्याची गाडी आता ओझं वाहत नाही. आपल्याकडे मात्र ती ओढ तशीच उचलून आणली जाते, 'लाँग रेशो घाला, गाडी पळेल' असा सल्ला दिला जातो, आणि कापसाची गाडी मोंढ्याच्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकते.

थोडा हिशेब मांडू. ६.००-१६ टायर एका फेऱ्यात अंदाजे २.२ मीटर पुढे जातो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला हजार मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ४५५ फेरे. टॉप गिअरमध्ये ५.३८ असेल तर इंजिन २,४५० फेऱ्यांच्या आसपास, ४.८८ असेल तर २,२२० आणि ४.२७ असेल तर १,९४०. ऐंशीच्या वेगाला हेच आकडे ३,२६०, २,९६० आणि २,५९० होतात. जुन्या डिझेलला साडेतीन हजाराच्या जवळ तासन्‌तास पळवलं की कानही थकतात आणि डिझेलही जास्त जातं, हे खरं. पण पिंगळी ते परभणी मालाची गाडी ऐंशीने किती वेळ जाते?

आता दुसरी बाजू. इंजिनाची पिळण्याची ताकद १२ किलोग्रॅम-मीटर धरली आणि घर्षण सोडून दिलं, तर टॉप गिअरमध्ये चाकाच्या काठावर मिळणारा जोर ५.३८ ला सुमारे १८५ किलो, ४.८८ ला १६७ आणि ४.२७ ला १४६. गाडी आणि माल मिळून अडीच टन असेल, तर चांगल्या डांबरावर नुसतं लोळायला ३५-४० किलो पुरतात. तीच गाडी ओल्या, मऊ मातीत शिरली की लोळण्याचा विरोध वजनाच्या दहा टक्क्यांवर जातो, म्हणजे अडीचशे किलो आणि त्याहून जास्त. काळी माती ओली झाली की फुगते, टायरच्या खाचांत भरते आणि चाक जड करते. चालक खालचा गिअर टाकतो, पण रेशो तर सगळ्याच गिअरना सारख्या प्रमाणात बदलतो. ५.३८ ऐवजी ४.२७ घातलं, की पहिल्या गिअरमध्ये त्याच इंजिनफेऱ्यांवर गाडी सव्वापट वेगाने चालते. चिखलात एवढा वेग नको असतो, म्हणून चालक क्लच अर्धा दाबून गाडी हळू ठेवतो. प्लेट जळते, आणि दोष प्लेट बनवणाऱ्याच्या माथी जातो.

म्हणून माझी निवड सांगतो. एक्सडीपी किंवा त्यासारख्या चपळ डिझेलची, भरून चालणारी पिंगळीची पिकअप ४.८८ वर ठेवावी. शेतवाटच जास्त आणि रस्ता कमी असेल, तर कंपनीचा ५.३८ मुळीच काढू नये. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं मंद फिरणारं इंजिन असेल तर कमी फेऱ्यांतच त्याचा जोर असतो, तिथे ४.२७ ला अर्थ आहे, पण माल टनापेक्षा कमी असेल तरच. ३.७३ किंवा त्याहून लांब रेशोचा मोह तर सोडूनच द्यावा. डाना ४४ मध्ये ३.७३ आणि त्याखालच्या रेशोंना वेगळा कॅरिअर, म्हणजे क्राउन धरणारा सांगाडा, लागतो; ३.९२ आणि वरच्यांचा कॅरिअर त्यांना चालत नाही. खर्च दुप्पट आणि गाडी नाजूक.

टायर हाही रेशोच आहे, हे बहुतेक जण विसरतात. ६.००-१६ काढून ७.००-१६ घातला, तर एका फेऱ्यात गाडी साधारण २.४ मीटर जाते आणि ५.३८ चा परिणाम ४.९३ सारखा होतो. म्हणजे हाउसिंग न उघडताच ४.८८ च्या जवळ पोहोचता येतं. ज्याने आधी मोठे टायर घातले आणि मग ४.२७ ही घातलं, त्याची गाडी प्रत्यक्षात ३.९१ वर चाललेली असते.

कोणता रेशो आहे हे कागदावरून ठरवू नये. या गाड्यांचं वय असं, की हाउसिंग दोन-तीनदा बदललेलं असतं. गाडी न्यूट्रलला घ्या, पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एकच चाक जॅकवर उचला. शाफ्टला आणि टायरला खडूची खूण करून टायर बरोबर दोन फेरे फिरवा. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे टायरच्या दोन फेऱ्यांत क्राउन एकदाच फिरतो. तेवढ्यात शाफ्ट पाच फेऱ्यांहून तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडा जास्त फिरला तर ५.३८, पाचाला थोडा कमी पडला तर ४.८८, सव्वाचार झाला तर ४.२७. गाडी फोर-व्हील ड्राइव्हची असेल तर पुढच्या अॅक्सलचाही रेशो बदलावा लागतो. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ ठेवून फोर-व्हील लावलं, की दोन्ही अॅक्सल एकमेकांशी झगडतात आणि ट्रान्स्फर केस किंवा शाफ्टचा क्रॉस तुटतो.

दातांच्या संख्यांमध्येही शहाणपण आहे. ४३ आणि ८ यांना एक सोडून सामाईक विभाजक नाही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला भेटतो. तीच जोडी पुन्हा भिडायला क्राउनचे आठ फेरे जावे लागतात. ४० आणि ८ असते, तर पिनियनच्या एका दाताला आयुष्यभर क्राउनचे तेच पाच दात मिळाले असते आणि एखादा खराब दात आपल्या जोडीदारांना खात बसला असता. ३९ आणि ८, ४७ आणि ११ या जोड्याही अशाच नीट निवडलेल्या आहेत. क्राउन-पिनियन कारखान्यात जोडीनेच घासून जुळवतात आणि दोन्हींवर एकच जोडनंबर कोरतात. भंगारातून एक याचं आणि दुसरं त्याचं घेऊन बसवलेली जोडी कधीच गप्प राहत नाही.

खरी कसोटी बसवण्यात आहे. पिनियनच्या टोकावर अधिक किंवा उणे असा एक छोटा आकडा कोरलेला असतो, इंचाच्या हजाराव्या भागात. जुन्या पिनियनवर अधिक २ आणि नव्यावर उणे १ असेल, तर आतल्या बेअरिंगच्या कपामागची शिम (पातळ चकती) तीन हजारांशांनी जाड करायची, म्हणजे जेमतेम ०.०८ मिलिमीटर. एवढ्याशा फरकाने गाडी गप्प तरी चालते किंवा परभणीपर्यंत घूंघूं करत तरी जाते. मग पिनियनचं प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर आधीच दिलेला दाब: या जुन्या अॅक्सलमध्ये तेही शिमनेच ठरतं, आणि पिनियन हाताने फिरवताना एकसारखा जड लागला पाहिजे, कुठे सैल कुठे घट्ट नाही. त्यानंतर क्राउन आणि पिनियनमधला बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजवर साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर. डायल गेज नसलेल्या मिस्तरीकडे हे काम देऊ नये, त्याचा हात कितीही चांगला असला तरी.

शेवटी दातांना निळी लावून क्राउन फिरवायचा आणि खूण कुठे उमटते ते पाहायचं. खूण दाताच्या मधोमध हवी. ती दाताच्या शेंड्याकडे गेली, तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, शिम वाढवा. मुळाशी गेली, तर पिनियन फार आत आहे, शिम काढा. दर वेळी बेअरिंग काढा-घाला करावी लागते, म्हणूनच घाईच्या गॅरेजात हे टाळलं जातं. कॅरिअर हातोड्याने ठोकून बसवणं तर गुन्हाच समजावा. हाउसिंग पसरवण्याचं साधन वापरून, तेही अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त न पसरवता, तो आत सरकवायचा असतो.

भरलेल्या गाडीसाठी अॅक्सल-शाफ्टही पाहावा. जुन्या जीपच्या बऱ्याच सेमी-फ्लोटिंग अॅक्सलमध्ये हब निमुळत्या टोकावर चावीने बसतो. त्याचा नट जरा सैल राहिला की चावी कापली जाते आणि गाडी जागेवर उभी. शिवाय शाफ्ट तुटला तर चाकच निघून येतं. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हाउसिंगवर असतं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं. टनभर कापूस नेणाऱ्यासाठी रेशोपेक्षा हा बदल मोठा आहे. एक चाक चिखलात फिरत राहतं त्यावर लॉकिंग डिफ्रन्शियल हा उपाय आहे; २०१५ च्या थारमध्ये ईटनचं यांत्रिक लॉकर कंपनीनेच दिलं होतं. जुन्या गाडीत लॉकर घालण्याआधी शाफ्ट भक्कम करावेत.

रेशो बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो, कारण त्याची केबल अॅक्सलच्या आधीच निघते. ५.३८ वरून ४.८८ वर आलात तर काटा ५० दाखवेल तेव्हा गाडी ५५ ला असेल. केबलचा छोटा गिअर बदलून घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केलं. म्हणून त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या रेशोंपैकीच निवड करावी आणि अॅक्सल पूर्ण बदलायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात विचारावं.

तेलात काटकसर नको. हायपॉइड गिअरचे दात एकमेकांवर घसरत फिरतात. त्यांना जीएल-५ दर्जाचं ईपी तेल लागतं. परभणीच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या वर असताना, भरलेल्या गाडीला ९० पेक्षा १४० बरं. हेच जीएल-५ गिअरबॉक्समध्ये मात्र ओतू नये. तिथल्या पितळी रिंगांना जीएल-४ सोसतं. नवी जोडी बसवल्यावर पहिल्या दिवशी रिकामी गाडी वीसेक किलोमीटर न्यावी, हाउसिंग थंड होऊ द्यावं, पुन्हा न्यावी. पहिले पाचशे किलोमीटर पूर्ण माल भरू नये. मग तेल काढून चाळणीतून पाहावं: बारीक राखाडी चुरा आला तर दात जुळत आहेत, चकचकीत कण आले तर झाकण पुन्हा उघडून निळी लावावी.