विंचवाचं विष आणि दमलेलं हृदय

उन्हाळा सरत आला, वळवाचा पहिला पाऊस पडून गेला, की आपल्याकडे विंचू निघतात. जुन्या घराच्या भिंतीतल्या फटी, गोवऱ्यांचा ढीग, केळीच्या बागेतला पाचोळा, दाराशी काढून ठेवलेली चप्पल, कुठेही. कुणाला विंचू चावला की घरातली मोठी माणसं म्हणतात, "रात्रभर ठणकेल, सकाळी उतरेल." बहुतेक वेळा होतंही तसंच. एकनाथांचं विंचवावरचं भारूड आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यातला विंचू काम-क्रोधाचा. या लेखातला विंचू मात्र खराखुरा आहे, आणि त्याचं विष जिथे जाऊन लागतं ती जागा म्हणजे आपलं हृदय.

विज्ञानाचा विषय वाङ्मय मंडळाच्या अंकात कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर लेखाच्या शेवटी आपोआप मिळेल.

हार्ट फेल्युअर म्हणजे काय?

हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअर हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण ते वेगळे आहेत. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी नळी बंद पडते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय चालू असतं, पण शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलायला ते कमी पडतं. पुढे न गेलेलं रक्त मागे तुंबतं. फुप्फुसांत तुंबलं की पाणी साचतं, दम लागतो, आडवं झोपवत नाही, उशा लावून बसावं लागतं. बाकी शरीरात तुंबलं की पाय सुजतात, पोट फुगतं.

शेतातल्या मोटारीचं उदाहरण घ्या. पाणी उपसलं जात नाही याची दोन कारणं असू शकतात. एक तर मोटारच जुनी होऊन तिचा जोर गेला, किंवा मोटार चांगली आहे पण पुढचा व्हॉल्व्ह कुणीतरी जवळजवळ बंद केला. दुसऱ्या प्रकारात धडधाकट मोटारही तापते आणि जळायला येते. लाल विंचवाचं विष नेमकं हे दुसरं काम करतं.

या विंचवाच्या विषाने मज्जातंतू बेफाम होतात आणि ॲड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात एकदम लोटतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, नाडी पळू लागते. आवळलेल्या नळ्यांविरुद्ध हृदय जीव तोडून रक्त ढकलत राहतं. त्या द्रव्यांचा मारा थेट हृदयाच्या स्नायूवरही होत असतो. काही तासांत हृदय थकतं आणि फुप्फुसं पाण्याने भरतात. खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. बरं, हे होणारा रुग्ण म्हातारा नसतो. पुष्कळदा तो सात-आठ वर्षांचा पोर असतो, ज्याच्या हृदयाला कालपर्यंत काहीच झालेलं नव्हतं.

बिरवाडीचा दवाखाना

डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. घरची गरिबी होती. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचं डॉक्टरकीचं शिक्षण झालं. १९७६ साली ते कोकणात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे विंचू चावलेली माणसं येत आणि त्यांतली बरीच डोळ्यांदेखत दगावत. उपचार म्हणून वेदनाशामक, ॲलर्जीची इंजेक्शनं, स्टिरॉइड, ॲट्रोपिन असं काहीबाही दिलं जाई. उपयोग होत नव्हता, आणि ॲट्रोपिनने तर हृदयावरचा ताण आणखी वाढायचा. नेमकं मरण कशाने येतं, हेच पुस्तकात नीट सापडत नव्हतं.

मग डॉक्टरांनी जे हातात होतं ते केलं. रुग्णाच्या खाटेशेजारी रात्र-रात्र बसायचं. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांचा थंडपणा पुन्हा पुन्हा बघायचा आणि वेळेसकट लिहून ठेवायचा. या नोंदींतून चित्र उभं राहिलं. ज्याला नुसती चावल्या जागी आग आहे, तो सहसा बरा होतो. ज्याला उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो आणि हातपाय गार पडतात, त्याचं हृदय धोक्यात आहे. १९८२ साली ही धोक्याची लक्षणं सांगणारा त्यांचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरचं निरीक्षण जगातल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकाने घेतलं होतं.

मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून एम.डी. करून ते परत रायगडातच आले. आता मरणाचं कारण कळलं होतं, उपाय शोधायचा होता. रक्तवाहिन्या सैल केल्या तर थकलेल्या हृदयावरचं ओझं उतरतं, हा विचार तेव्हा जगभर नवा होता. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध सलाइनमधून देऊन त्यांनी मरणाच्या दारातले रुग्ण परत आणले. पण ते औषध थेंबाथेंबाने द्यावं लागतं, क्षणोक्षणी रक्तदाब बघावा लागतो. खेड्यातल्या दवाखान्याला ते कसं झेपणार? तेव्हा त्यांनी प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी वापरून बघितली. रक्तदाबावर ती आधीपासून मिळत होती. विषामुळे ज्या मार्गाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तोच मार्ग ही गोळी अडवते. म्हणजे बंद केलेला व्हॉल्व्ह पुन्हा उघडायचा. हातपाय ऊबदार होईपर्यंत दर काही तासांनी गोळी द्यायची, आणि रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं.

१९८६ साली डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हे 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. गंभीर विंचूदंशात पूर्वी शंभरातले तीस किंवा त्याहून अधिक रुग्ण दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण एकाच्या आसपास आलं. डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये महाडच्या ७० रुग्णांवरचा अभ्यास आला. काहींना फक्त प्राझोसिन, काहींना प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष. फक्त गोळीवाले सरासरी १७.७ तासांत सावरले, दोन्ही मिळालेले ८ तासांत. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

तीच गोळी, दुसरं हृदय

आता एक गंमत बघा. १९८६ याच वर्षी अमेरिकेत ६४२ पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण हार्ट फेल्युअरचे, पण जुनाट, वर्षानुवर्षांच्या आजाराचे. एका गटाला प्राझोसिन, एका गटाला हायड्रालाझिन आणि नायट्रेट अशी जोडी, एका गटाला नुसती खोटी गोळी. जोडीने आयुष्य वाढलेलं दिसलं. प्राझोसिन मात्र खोट्या गोळीइतकंच ठरलं!

महाडमध्ये जीव वाचवणारी गोळी अमेरिकेत निकामी कशी? कारण आजाराचं नाव एक असलं तरी हृदय दमण्याचं कारण एक नव्हतं. विंचूदंशात व्हॉल्व्ह एकदम बंद होतो, तो उघडला की मोटार वाचते. जुनाट आजारात मोटारच झिजलेली असते, शरीर मीठ-पाणी धरून ठेवू लागतं आणि एका गोळीला हळूहळू सरावतं. म्हणून "हृदयाला काय झालंय" याच्या आधी "हृदय का दमलंय" हे विचारावं लागतं. दवाखान्यात भरती झालेल्या हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचे उपचार सुधारायचे तर सुरुवात याच प्रश्नापासून होते.

आपल्याकडे या आजाराचे बहुतेक रुग्ण अर्थातच विंचवाचे नसतात. देशातल्या ५३ रुग्णालयांतून २०१९-२० मध्ये १०,८५१ रुग्णांची नोंद झाली. सरासरी वय जेमतेम ६०. दहातल्या सात जणांत कारण होतं हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्यांचा आजार. ९० दिवसांत शंभरातले १४ जण गेले. ज्यांच्या हृदयाचा जोर कमी झाला होता, त्यांच्यापैकी निम्म्यांनासुद्धा ठरलेली सगळी औषधं मिळत नव्हती. म्हणजे औषध आहे, पण रुग्णापर्यंत पोचलेलं नाही.

२०२२ च्या एका अभ्यासाने यावर रस्ता दाखवला. १४ देशांतले १०७८ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीसारखे उपचार. बाकीच्यांची ठरलेली औषधं घरी गेल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेपर्यंत वाढवली, आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, सहाव्या आठवड्यात बोलावून तपासणी केली. सहा महिन्यांत पुन्हा भरती होण्याचं किंवा मरण येण्याचं प्रमाण नेहमीच्या गटात २३.३ टक्के, दुसऱ्या गटात १५.२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरल्या मुदतीआधी थांबवला गेला. यात नवीन औषध एकही नव्हतं. होती ती पुन्हा पुन्हा बघण्याची आणि नोंद ठेवण्याची शिस्त. बिरवाडीच्या खाटेशेजारची तीच.

आपण काय करायचं?

विंचू चावल्यावर घाम, उलटी, गार हातपाय किंवा दम दिसला तर मांत्रिक आणि उतारा यात एक तासही घालवू नका. थेट दवाखाना गाठा, विशेषतः मूल असेल तर. प्राझोसिन मनाने द्यायचं नाही, ते डॉक्टरांनीच द्यायचं. आणि घरातले आजोबा-आजी हार्ट फेल्युअरमधून घरी आले असतील, तर "आता बरं वाटतंय" म्हणून गोळ्या बंद होऊ देऊ नका. पहिल्या महिन्यातली तपासणी चुकवू नका. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर पाणी साचायला लागलंय असं समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता सुरुवातीचा प्रश्न. वाङ्मय मंडळात हे कशाला? डॉ. बावस्करांजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. डोळे होते, वही होती, आणि पाहिलेलं जसंच्या तसं लिहायची सवय होती. आपण मंडळात तेच शिकतो ना? त्यांनी मराठीत 'बॅरिस्टरचं कार्टं' हे आत्मकथनही लिहिलंय. सुट्टीत मिळवून जरूर वाचा.