डिकीतलं भरतकाम

१९४६ साली अमेरिकेच्या एडना रूथ बायलर मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या सेवासंस्थेच्या कामानिमित्त पोर्तो रिकोला गेल्या. तिथल्या स्वयंसेवकांच्या शिवणवर्गात बायका सुरेख भरतकाम करायच्या, पण गिऱ्हाईक मिळत नव्हतं. बायलरबाईंनी ते कापड पेनसिल्व्हेनियात आणून गाडीच्या डिकीतून मैत्रिणींना, शेजाऱ्यांना विकलं. ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानं त्यातूनच उभी राहिली. परदेशी सेवेला निघालेल्यांनी हे ध्यानात घ्यावंच: शिवण शिकवणारे पुष्कळ भेटतात, बाजार मिळवून देणारे फार थोडे. जागतिक न्याय्य व्यापार संघटनेच्या तत्त्वांनुसार आज हस्तकलेच्या ऑर्डरवर, कारागिरांनी मागितल्यास, किमान ५० टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची असते. सूत-कापडासाठी मग सावकाराचं दार ठोठावावं लागत नाही.