पाहुण्या लिनक्सचीं उपकरणें

व्हर्च्युअलबॉक्सच्या पोटांत चालणारा लिनक्स हा पाहुणाच. पडदा खिडकीच्या मापाचा व्हावा, यजमानाचे फोल्डर त्यास दिसावेत, एवढ्यासाठीं ‘गेस्ट ॲडिशन्स’ बसवावयाच्या. यांतील कांहीं भाग चालू कर्नलकरितां तेथेंच घडविला जातो. म्हणून कंपायलर व त्याच कर्नलचे हेडर्स अगोदर हवेत. बहुतेकांचें घोडें अडतें तें येथेंच. मग चकती जोडून तींतील ‘रन’ फाइल रूटच्या अधिकारानें चालवावी व यंत्र पुन्हा सुरू करावें.

काढतांना हातानें फाइली पुसूं नयेत. अर्धेमुर्धे ड्रायव्हर मागें राहतात. तीच फाइल ‘अनइन्स्टॉल’ शब्द जोडून चालवावी. उबुंटूच्या भांडारांतून घेतलेलें पॅकेज मात्र ‘ॲप्ट’नेंच काढावें, दोहोंची खिचडी नको. मुख्य ड्रायव्हर २०१८ च्या ४.१६ कर्नलपासून लिनक्समध्यें मूळचाच आहे. तो या काढण्यानें जात नाहीं.