घर चाकांवर, मुक्काम कुठे?

शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागतं, असं धरून आपल्याकडच्या पाणीपुरवठा योजना आखल्या जातात. चौघांच्या कुटुंबाचे झाले ५४० लिटर, म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त वजन. घर चाकांवर घेऊन निघायचं ठरलं की खरा प्रश्न इथे सुरू होतो. हे पाणी भरायचं कुठे, किती वाहून न्यायचं आणि वापरून झाल्यावर सोडायचं कुठे? पलंग किती, एसी केवढ्याचा, टीव्ही कुठे लावलाय, हे सगळं त्यानंतरचं.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याची मांडणी शहाणपणाची आहे, कारण ते नुसतं गाडीबद्दल बोलत नाही, कॅराव्हॅन पार्कबद्दलही बोलतं. गाडी उभी करायला जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह या सोयी असलेला पार्क सरकारी जागेवर होऊ शकतो, तसाच खासगी जागेवरही. चर्चा मात्र गाडीचीच होते. माझं मत असं, की गाडी हा या प्रवासाचा सोपा अर्धा भाग आहे. अवघड अर्धा भाग म्हणजे मुक्काम, आणि तो घडवायला पालघर जिल्ह्याइतकी योग्य जागा मुंबईच्या आसपास दुसरी नाही.

मराठी माणसाला चाकांवरचा संसार नवा नाही. आषाढी वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो. त्यात तंबू, शिधा, मोठी पातेली, वारकऱ्यांच्या वळकट्या असतात. माणसं चालतात, घर ट्रकमधून चालतं. हे जमतं कशामुळे? माउलींच्या पालखीचा सासवडचा, जेजुरीचा, वाल्ह्याचा, लोणंदचा मुक्काम ठरलेला असतो म्हणून. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, दवाखाना हे सगळं तिथीवार तिथे पोहोचतं.

पश्चिमेतही हेच घडलं. डॉ. गॉर्डन स्टेबल्स या स्कॉटिश लेखकाने १८८५ मध्ये ‘द वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी खास हौसेच्या भटकंतीसाठी बांधून घेतली. १९१० साली अमेरिकेत पिअर्स-ॲरो कंपनीने झोपण्याची सोय असलेली मोटार दाखवली. पण सामान्य अमेरिकन कुटुंब या प्रवासाला लागलं ते थांबण्याच्या जागा झाल्यावर. १९६२ मध्ये सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिकडे निघालेली कुटुंबं माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावाजवळ यलोस्टोन नदीकाठी थांबत. तिथे एका जमीनमालकाने रात्रीच्या मुक्कामाची, अंघोळीची सोय केली आणि त्यातून केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी उभी राहिली. विनेबागो कंपनीच्या मोटरहोम त्यानंतर, १९६६ पासून निघू लागल्या. आज तिकडची मराठी मुलं भारतातून आलेल्या आईवडिलांना घेऊन यलोस्टोनला जातात, तेव्हा आधी आरक्षण करतात ते मुक्कामाच्या जागेचं.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. मुंबईहून गुजरात, कच्छ, राजस्थानकडे निघालेली गाडी वसईची खाडी ओलांडते आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ ने मनोर, चारोटी, तलासरी करत अच्छाडला राज्याबाहेर पडते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बहुतेक प्रवाशांना काचेतूनच दिसतो. लांबच्या कौटुंबिक प्रवासाची पहिली रात्र मात्र इथेच काढावी, असं मी आग्रहाने सांगेन. पाण्याचा पंप गळतोय, बॅटरी टिकत नाही, आजीला पायरी उंच पडतेय, हे सगळं पहिल्याच रात्री कळतं. ते जैसलमेरला कळण्यापेक्षा बोईसरला कळलेलं बरं. तारापूर एमआयडीसीमुळे बोईसरमध्ये वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन, हार्डवेअरची दुकानं यांची वानवा नाही. चिल्हार फाट्यावरून आत वळलं की गाव फार लांब नाही.

निघण्याआधीचे कागद थोडक्यात सांगतो. मोटर कॅराव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. साधी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये मनाला येईल तसे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं. २०२१ मध्ये केरळमधल्या दोन यूट्यूबर भावांची गाडी परिवहन विभागाने जप्त केली, ती अशाच बदलांवरून. परवान्याचं सोपं आहे. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. गाडी भाड्याची असेल तर तिला अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे का, हे अच्छाडच्या अलीकडेच पाहून ठेवा.

चारोटीच्या अलीकडे सूर्या नदीचा पूल लागतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा या पुलावर अपघाती मृत्यू झाला. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. घरासारखी गाडी असली की हा धोका वाढतो. मुलं पलंगावर लोळतात, कोणीतरी ओट्यापाशी उभं राहून चहा ठेवतं. गाडी चालू असताना प्रत्येक जण पुढे तोंड करून पट्ट्यात बसलेला हवा. जितके पट्टे, तितकीच माणसं. शेगडीही थांबल्यावरच. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला पर्यटकांच्या रेल्वे डब्यात गॅस सिलिंडरमुळे आग लागून नऊ माणसं गेली, आणि तो डबा तर उभा होता. म्हणून थांबल्यावरसुद्धा शेगडी बाहेर, उघड्यावर मांडलेली बरी.

महामार्ग पूर्वेला, समुद्र पश्चिमेला आणि मधून पश्चिम रेल्वेचा रूळ. पालघर, बोईसर, डहाणू कुठेही किनारा गाठायचा तर रूळ ओलांडावाच लागतो, कधी त्याच्या खालून. छतावरचा एसी, सोलर पॅनेल धरून गाडीची उंची मोजा आणि कागदावर लिहून चालकासमोर चिकटवा. भुयारी मार्गाच्या तोंडावरचा लोखंडी आडवा बार दिसल्यावर उंची आठवायला वेळ नसतो.

या भागात चाकांवर राहण्याचं खरं ज्ञान आहे ते ट्रकचालकांकडे. तारापूर एमआयडीसीत रसायनं, पोलाद, कापड, औषधं यांचे कारखाने आहेत. माल उतरायला रात्र-रात्र थांबावं लागतं. केबिनमागे अंथरूण, बाजूच्या पेटीत स्टोव्ह आणि कणकेचा डबा, दोरीवर वाळणारा टॉवेल, पाण्याचे दोन कॅन. एवढ्यात चालक आणि क्लीनर महिनोन्महिने राहतात. रात्री कुठे थांबावं हे त्यांना विचारा. जिथे दिवा आहे, वॉचमन आहे, जमीन सपाट आहे आणि उलटं न फिरवता गाडी बाहेर काढता येते, तीच जागा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. चाकांवर राहणाऱ्या माणसाला माणूस म्हणून पाहण्याची ती उशिरा झालेली सुरुवात आहे. कॅराव्हॅनसाठी थांबे बांधताना तिथली न्हाणीघरं आणि शौचालयं या चालकांनाही खुली असली पाहिजेत, हे मला पार्कच्या परवानगीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

बोईसरहून समुद्राकडे गेलं की तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. १९६९ मध्ये सुरू झालेलं हे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली घरं उचलावी लागली. हौसेने घर हलवणाऱ्यांनी या वाटेवरून जाताना मुलांना ही दोन नावं सांगावीत. केंद्राजवळच्या किनाऱ्यावर मुक्कामाचा विचार करू नका, तो भाग निर्बंधांचा आहे. पुढे चिंचणी, वरोर, वाढवण. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली, मच्छीमारांचा विरोध असताना झाली. हा किनारा आज दिसतो तसा फार वर्षं दिसणार नाही.

स्वयंपाकघर सोबत आहे तर त्याचा उपयोग इथे करावा. पालघरहून सातपाटी जवळ आहे. बोटी लागल्यावर ताजं पापलेट घ्यावं. २०२३ मध्ये त्याला राज्यमाशाचा मान मिळाला. लहान पापलेट विकायला आलं तर घेऊ नये. पिल्लं मारल्यामुळेही हा मासा कमी झाला आहे. थंडीत केळवे-माहीमकडे उकडहंडी मिळाली तर गाडीतली शेगडी बंद ठेवावी.

मुक्कामासाठी मला सर्वांत योग्य वाटतो तो डहाणू ते बोर्डी हा पट्टा. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, वाड्यांमधून विहिरी आहेत, रस्ते आहेत, पाहुण्यांची सवय आहे. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० चं, कॅराव्हॅन धोरण २०२१ चं. या दोहोंची गाठ वाडीत पडू शकते. वाडीवाल्याला हॉटेल बांधायला नको. मुरूम टाकून दाबलेली सपाट जागा, पाण्याचा नळ, नीट अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा पॉइंट आणि सांडपाण्याची व्यवस्था, एवढं पुरतं.

यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत नाजूक. डहाणू तालुका जून १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाने तो अनेक वर्षं राखला. सागरी किनारा नियमांतही प्रक्रिया न केलेलं सांडपाणी सोडायला मनाई आहे. भांड्यांचं, अंघोळीचं पाणी कमी साबणाचं असेल तर शोषखड्ड्यातून केळीला देता येतं. मैल्याच्या टाकीचं तसं नाही. ती सेप्टिक टँकमध्येच रिकामी व्हायला हवी. त्यातही वास मारायला फॉर्मॅल्डिहाइडचं औषध वापरलं असेल तर सेप्टिक टँकमधले जिवाणूच मरतात आणि वाडीवाल्याची टाकी बिघडते. औषध घेताना बाटलीवरचं नाव वाचा.

दिवाळी झाली की याच रस्त्यावर दुसरीही कुटुंबं निघतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडची कातकरी, वारली माणसं बयाणा घेतलेला असतो म्हणून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. टेम्पोत भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि मुलं. तिथे भोंगा, म्हणजे तात्पुरती झोपडी, बांधून पावसाळ्यापर्यंत राहतात. या मुलांची शाळा सुटू नये म्हणून ‘विधायक संसद’ या संस्थेने नव्वदच्या दशकात भट्ट्यांवर भोंगाशाळा सुरू केल्या होत्या. त्यांच्याही प्रवासात पाणी आणि शौचालय हाच प्रश्न आहे, आणि तो कितीतरी अधिक निकडीचा आहे. मनोरला, चारोटीला उद्या पर्यटनाच्या निधीतून नळ आणि न्हाणीघर झालं, तर त्याला या बायका-मुलांसाठी कुलूप असता कामा नये. ग्रामपंचायतींनी परवानगी देताना ही अट लेखी घालावी.

या हिवाळ्यात तुम्ही निघणार असाल तर गाडीचं भाडं ठरवण्याआधी वाडीवाल्याला फोन करा. पाणी कुठून भरायचं ते विचारा, गाडी कुठे उभी करायची ते विचारा आणि मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची तेही विचारा. तिसऱ्या प्रश्नाला ‘सोडा कुठेही’ असं उत्तर आलं, तर दुसरी वाडी शोधा.