आत्याला इंग्रजीत काय म्हणतात?

दुसऱ्याविषयी बोलायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. ओट्यावर बसल्या बसल्या, एस.टी.ची वाट पाहताना, लग्नाच्या पंगतीत आपण माणसांची वर्णने अखंड करीत असतो, आणि ती इतकी नेमकी असतात की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो गृहस्थ उभा राहावा. अमका आतल्या गाठीचा, तमकी फटकळ पण मनाची मायाळू, थोरला नुसता बोलघेवडा आणि धाकटा अगदी घुम्या! या कामी मराठी माणसाचा शब्द अडलेला मी तरी ऐकला नाही. पण याच माणसाला म्हणावे, की बाबा रे, आता हेच इंग्रजीत सांग. समोर परका परीक्षक बसला आहे आणि तुझ्यापाशी दोन मिनिटे आहेत. मग पाहा! ज्या आजीवर तो मराठीत तासभर बोलला असता, ती आजी 'व्हेरी गुड, व्हेरी काइंड, व्हेरी लव्हिंग' एवढ्यात आटोपते.

मी बीड जिल्ह्यातल्या केज येथे महाविद्यालयात मराठी शिकविते. इंग्रजी हा माझा विषय नव्हे. तरीही गेल्या काही वर्षांत मुले-मुली माझ्याकडे इंग्रजी शब्दांच्या याद्या घेऊन येऊ लागली आहेत. कुणाला परदेशी शिकायला जायचे असते, कुणा परिचारिकेला तिकडे नोकरी हवी असते, कुणी सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीची खटपट करीत असते. या सर्वांच्या वाटेत एक परीक्षा उभी असते. तिला मुले 'आयेल्ट्स' म्हणतात.

पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांना हे नाव आता नवे नाही. ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग. त्यांपैकी बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची असते. परीक्षक आणि उमेदवार समोरासमोर बसतात आणि सारे संभाषण ध्वनिमुद्रित होते. आरंभी घर, गाव, शिक्षण यांविषयी साधे प्रश्न येतात. मग हाती एक कार्ड मिळते. त्यावरचा विषय पाहायला मिनिटभर वेळ. टिपणासाठी कागद आणि पेन्सिल. आणि नंतर एक ते दोन मिनिटे आपण एकट्याने बोलायचे. शेवटी त्याच विषयाच्या अंगाने थोडी खोलात जाणारी चर्चा होते. कार्डावरचे विषय नाना तऱ्हेचे असतात, पण एक विषय फिरून फिरून येतो: 'तुम्हांला आदर वाटणाऱ्या घरातल्या व्यक्तीचे वर्णन करा', 'तुमच्या जुन्या मित्राविषयी सांगा', 'तुमच्यावर प्रभाव पाडणाऱ्या माणसाविषयी सांगा'.

साहजिकच या विषयाच्या तयार याद्या बाजारात आल्या. यादी घ्यावी, पाठ करावी आणि परीक्षकापुढे ओतावी, असा एकूण बेत असतो. 'डाउन-टु-अर्थ', 'ईझी-गोइंग', 'क्लोज-निट फॅमिली' ही त्यांतली मानाची मंडळी. शब्द वाईट नाहीत. इंग्रज माणूस ते रोज वापरतो. पण यादीतला शब्द हा दुकानाच्या काचेतल्या लुगड्यासारखा असतो. तिथे तो छान दिसतो. आपल्या अंगावर कसा बसेल, हे नेसल्याशिवाय कळत नाही.

'होमली' हाच शब्द घ्या. लग्नाच्या जाहिरातींत आपण तो वर्षानुवर्षे वाचीत आलो. घर सांभाळणारी, साधी, कुटुंबात रमणारी मुलगी, असा त्याचा आपल्याकडचा अर्थ. हाच शब्द अमेरिकन माणसाने ऐकला तर त्याला वाटेल, बिचारीला रूप नाही! 'ॲडजस्टिंग नेचर'ची तीच कथा. आपल्याकडच्या स्थळांत तो मोठा गुण. सातासमुद्रापलीकडे त्या शब्दाने काही बोधच होत नाही. मग 'त्यांचे चांगले जमते' या अर्थाचा तो प्रसिद्ध वाक्प्रचार, 'लाइक अ हाउस ऑन फायर'. दोघांचे इतके पटते म्हणे, की जणू घराला आग लागली! माझ्या एका विद्यार्थ्याने पहिल्यांदा हा वाचला तेव्हा तो भांडणाच्या यादीत लिहून ठेवला होता. त्याला हसू नये. इंग्रज माणसाला 'विळ्या-भोपळ्याचे सख्य' शिकविले, तर तोही 'सख्य' पाहून ते मैत्रीच्याच यादीत घालील. आपण मात्र मैत्रीसाठी मेतकूट जमवितो. प्रत्येक भाषा आपल्या घरातल्याच वस्तू घेऊन बोलते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात तिला काय कुठे ठेवले आहे ते ठाऊक नसते.

याद्यांतली दुसरी अडचण छटांची. काटकसरी आणि चिक्कू यांत मराठी मूलसुद्धा गल्लत करणार नाही. इंग्रजीत 'थ्रिफ्टी' आणि 'स्टिंजी' हे दोन शब्द एका ओळीत पाठ केले, की आजोबांचे कौतुक करता करता त्यांची निंदा होऊन बसते. जिद्दी तो 'डिटर्मिन्ड', हट्टी तो 'स्टबर्न'. म्हणून मी मुलांना सांगते, इंग्रजी शब्दाकडून माणसाकडे जाऊ नका. आधी माणूस घ्या, त्याला आपण घरात काय म्हणतो ते आठवा आणि मग त्याचा इंग्रजी शब्द शोधा. दोन काकांचा अबोला आहे ना? मग 'दे आर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स'. मुलगी आत्याच्या वळणावर गेली आहे? 'शी टेक्स आफ्टर' तिची आत्या. शब्द असा घरातल्या एकेका माणसाला चिकटला, की तो विसरत नाही आणि चुकीच्या जागी पडतही नाही.

नात्यांची श्रीमंती आणि गरिबी

आणि इथेच, आत्यापाशी, खरी गाडी अडते. तिला इंग्रजीत काय म्हणायचे? 'आंट'. मावशीला? 'आंट'. काकू आणि मामी? त्याही 'आंट'च. नणंद, जाऊ, भावजय आणि मेव्हणी या चौघींना मिळून एकच 'सिस्टर-इन-लॉ'! ज्या घरात नणंद आणि जाऊ एका ताटात बसत नाहीत, त्या घरावर हा केवढा अन्याय! व्याही आणि विहीण यांना तर इंग्रजीत रोजच्या वापरातले नावच नाही. साऱ्या लग्नात ज्यांचा मान सांभाळता सांभाळता घाम फुटतो, ती माणसे त्या भाषेत जणू जन्मालाच आली नाहीत.

पण इंग्रजी ही मूळची गरीब नव्हे. जुन्या इंग्रजीत चुलत्याला 'फॅदेरा' आणि मामाला 'एआम' असे वेगळे शब्द होते. मावशी आणि आत्याही वेगळ्या होत्या. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, त्यांच्या फ्रेंच भाषेतून 'अंकल' आणि 'आंट' आले आणि हळूहळू जुने शब्द मागे पडले. हे दोन्ही शब्द मुळात लॅटिन. 'अंकल'च्या मुळाशी 'अवुंकुलुस' आहे, म्हणजे आईचा भाऊ, आपला मामा. 'आंट'च्या मुळाशी 'अमिता' आहे, म्हणजे बापाची बहीण, साक्षात आत्या! तेव्हा आत्याला 'आंट' म्हणण्यात चूक काहीच नाही. त्या नावावर पहिला हक्क तिचाच. मावशी, काकू आणि मामी या मागाहून आलेल्या भाडेकरू.

आपल्याकडे हे शब्द का टिकले? कारण त्यांच्यामागे व्यवहार आहे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. कुणाशी लग्न होऊ शकते, कुणाशी नाही, आणि त्याप्रमाणे नात्यांची नावे कशी बदलतात, हे त्यांनी प्रांताप्रांतांतून दाखविले. आमच्या मराठवाड्यात आजही कितीतरी सुना सासूला 'आत्या' आणि सासऱ्याला 'मामा' म्हणतात. मामाची मुलगी करण्याची रीत जिथे होती, तिथे सासू ही मुळातच मुलीची आत्या असे. रीत विरळ होत चालली तरी हाक राहिली. एका हाकेत एवढा इतिहास असतो.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, शाळेचीही उर्दू. माणसाचे वर्णन करायला फार्सी-उर्दूने आपल्याला कितीतरी शब्द दिले. हुशार, दिलदार, नेक, बेफिकीर, इमानदार हे सारे तिकडचे. पण मावशी मावशीच राहिली, आत्या आत्याच राहिली. विशेषणे आपण बाहेरून आणली. नाती बहुतेक घरचीच ठेवली. आज मात्र उलटे झाले आहे. शेजारच्या काकू 'आंटी' झाल्या, भाजीवाले मामा 'अंकल' झाले. जे शतकानुशतकांच्या राजभाषेला जमले नाही, ते इमारतीच्या लिफ्टमध्ये सहज घडून गेले.

एक कोयता

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, ती सांगते. आमच्या केज तालुक्यातून, एकूण बीड जिल्ह्यातूनच, दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. ती उचल कोयत्यामागे ठरते. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटे माणूस असेल तर तो अर्धा कोयता. आईबापांबरोबर काही मुले उसाच्या फडाजवळच्या कोपीत राहतात. काही हंगामी वसतिगृहात, आणि बाकीची गावात आजीपाशी, कुणा नातेवाइकापाशी.

अशा घरातली एक मुलगी या परीक्षेची तयारी करीत होती. तिने मला 'आदर वाटणारी व्यक्ती' हा विषय बोलून दाखविला. आजोबा निवृत्त मुख्याध्यापक, रोज पहाटे फिरायला जाणारे, 'डाउन-टु-अर्थ' आणि 'क्लोज-निट फॅमिली'चे आधारस्तंभ. मी विचारले, "हे आजोबा कुणाचे?" ती म्हणाली, "पुस्तकातले." मग विचारले, "तुला लहानाचं मोठं कुणी केलं?" ती थोडी थांबली. "आत्यानं. पण मॅडम, ते खरं सांगितलं तर मार्क कमी नाही ना व्हायचे?"

हा प्रश्न तिच्या एकटीचा नव्हता. परीक्षेच्या खोलीत जायचे तर आपले घर दाराबाहेर काढून ठेवायचे आणि कुणाचे तरी टापटिपीचे घर उसने न्यायचे, असे या मुलांच्या मनाने घेतलेले असते. मी तिला परीक्षेचे नियम वाचून दाखविले. गुण चार गोष्टींना असतात: बोलण्याचा ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. घराच्या भिंती पक्क्या की कुडाच्या, याला गुण नाहीत. उलट पाठ केलेले बोलणे परीक्षकाला ओळखू येते आणि ते पदरात गुण पाडीत नाही. आणि शब्दसंपत्ती म्हणजे नुसते अवघड शब्दही नव्हेत. नेमका शब्द सापडला नाही तर वळसा घालून तोच अर्थ पोचविणे, हेही तिथे कौशल्य मानतात. ज्या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द नाही, तो आपल्याला अडवायला आलेला नसतो. तो समजावून सांगण्याची संधी घेऊन आलेला असतो.

मग आम्ही आत्याला घेऊन बसलो. मराठीत ती म्हणाली, "आत्या लई सोशिक." मी म्हटले, हे इंग्रजीत सांग. 'पेशंट' म्हणून ती थांबली, कारण तेवढ्याने आत्या पुरी होईना. सोशिक म्हटले की मराठीत सारे माना डोलावतात आणि पुढे कुणी विचारीत नाही. इंग्रजीत 'शी पुट्स अप विथ अ लॉट' म्हटले, की ऐकणारा विचारतो, कशाकशाला तिने तोंड दिले? त्या एका प्रश्नाने दोन मिनिटांचे बोलणे उभे राहिले. शेवटी तिने साध्या, बिनचूक इंग्रजीत जी तीन वाक्ये जुळविली त्यांचा मराठी अर्थ असा: "आमच्याकडे नवरा-बायको दोघांना मिळून एक कोयता मोजतात. माझे आईवडील एक कोयता होते. म्हणून वर्षातले सहा महिने मी आत्याची होते."

त्यांत एकही मोठा शब्द नव्हता. यादीतला तर एकही नव्हता. तिला पुढे हवे तेवढे गुण मिळाले. ते या तीन वाक्यांनी मिळवून दिले असे मी म्हणणार नाही. व्याकरणासाठी आणि उच्चारांसाठी तिने जी मेहनत घेतली, ती माझ्या डोळ्यांपुढे आहे. पण पुस्तकातले आजोबा सोडून ती आत्याविषयी बोलू लागली, त्या दिवसापासून तिचे वाक्य मधेच तुटायचे थांबले, एवढे मी खात्रीने सांगते.

आपल्याही घरात कुणी या परीक्षेची तयारी करीत असेल. यादी अवश्य आणून द्या, शब्द हवेतच. पण या दिवाळीत घर पाहुण्यांनी भरलेले आहे, तोवर एक करा. फराळाच्या ताटाभोवती सगळे जमले, की त्या मुलाला वा मुलीला एका माणसाविषयी दोन मिनिटे बोलायला सांगा, आधी मराठीत आणि मग इंग्रजीत. 'व्हेरी काइंड' म्हणाली तर विचारा, "म्हणजे काय केलं?" 'आंट' म्हणाली तर विचारा, "कोणती?" वर्णन ऐकून आत्याबाई रागावल्या तर समजा, की शब्द अगदी नेमका बसला!